पाव : उरण व उत्तर कोकणातील घरगुती परंपरा

पाव : गव्हाचे पीठ पाणी व मीठ घालून मळून, ते यीस्टच्या साहाय्याने आंबवून व फुगवून बंद भट्टीत भाजलेला खाद्यपदार्थ. ‘पाव’ हा मराठी शब्द त्याच अर्थाच्या ‘पांव’ या पोर्तुगीज शब्दावरून आला. चौथा हिस्सा म्हणून पाव, किंवा पायांनी तुडवून मळतात म्हणून पाव, अशा व्युत्पत्ती लोकांत रूढ आहेत. त्या मागाहून सुचलेल्या आहेत. त्यांतील दुसरीने मात्र या पदार्थाविषयीचा पूर्वग्रह बराच काळ पोसला. मुंबई व तिच्या भोवतालच्या किनाऱ्यावर पाव आज सर्व थरांत खाल्ला जात असला, तरी तो बेकरीतून विकत आणण्याचा पदार्थ समजला जातो. घरी पीठ आंबवून पाव किंवा पावासारखे पदार्थ करण्याची जुनी परंपरा उत्तर कोकणात होती आणि तिचा आधार गहू हा नसून माड, ताड व शिंदी ही झाडे होती. उरण व त्याच्या परिसराच्या इतिहासावरून ही गोष्ट विशेष स्पष्ट होते.

उरण हे रायगड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण मुंबई बंदराच्या आग्नेयीस, पूर्वीच्या करंजा बेटावर वसले आहे. खाड्या व खाजणे भरून येऊन हे बेट मुख्य भूमीस जोडले गेले. घारापुरीची लेणी याच तालुक्यात आहेत. भात, मासळी आणि मीठ ही येथील परंपरागत उत्पादने. गहू येथे पिकत नाही. समुद्रसपाटीलगतची खारी जमीन व मुसळधार पाऊस या दोहोंमुळे तांदूळ हेच आगरी, कोळी व इतर रहिवाशांचे मुख्य अन्न राहिले आणि भाकरीही तांदळाचीच झाली. तांदळाच्या पिठात ग्लुटेन नसते. ग्लुटेन हे गव्हाच्या पिठातील चिवट प्रथिन पाण्याने भिजून ताणले जाते व आंबताना निर्माण होणारा कार्बन डाय-ऑक्साइड वायू जाळ्याप्रमाणे धरून ठेवते. हे प्रथिन पिठातून धुऊन वेगळे करण्याची रीत बेक्कारी या इटालियन शास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सांगितली. ग्लुटेनच्या अभावी तांदळाचे पीठ आंबले, तरी त्याचा पाव होत नाही. त्याची आंबोळी किंवा वाफवलेले सांदण होते. तेव्हा या किनाऱ्यास आंबवणे ही क्रिया अपरिचित नव्हती. अपरिचित होते ते आंबवलेले गव्हाचे पीठ आणि बंद भट्टी यांचे एकत्र येणे.

भारतातही आंबवण्याचे ज्ञान जुने आहे. मद्य तयार करण्यासाठी लागणाऱ्या ‘किण्वा’चा उल्लेख कौटिलीय अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात येतो आणि ‘किण्वन’ हा आजचा पारिभाषिक शब्द त्यावरूनच घेतला आहे. मराठी स्वयंपाकघरात जिलबीचे पीठ आंबवतात, अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजत ठेवतात. मुसलमानी अमदानीत तंदुरात भाजलेली खमिरी रोटी दख्खनमध्ये आली. मात्र ती शहरांची व छावण्यांची रोटी होती. कोकणातील खेड्यांपर्यंत ती पोहोचली नाही. सतराव्या शतकात दिल्लीत राहिलेल्या फ्रान्स्वा बर्निअर या फ्रेंच प्रवाशाने तेथील भट्ट्या सदोष असून रोटी नीट भाजलेली नसते, अशी तक्रार केली आहे. ती अर्थातच युरोपीय पाव हेच प्रमाण मानणाऱ्याची तक्रार होय.

पोर्तुगीज काळ : गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने १५३४ च्या तहाने वसई व तिच्या अंमलाखालील मुलूख पोर्तुगीजांना दिला. करंजा बेटही त्यांच्या ताब्यात येऊन वसईच्या प्रशासनाखाली राहिले. बेटावर ठाणे व चर्च उभी राहिली आणि फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकांनी येथे धर्मांतरे घडवून आणली. ठाण्यातील शिपाई, पाद्री व जमीनदार यांना पाव लागे. येथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. रोमन कॅथलिक पंथाच्या मिस्साविधीत वापरली जाणारी ‘होस्तिया’ ही गव्हाची चकती बिनआंबवलेली असते. म्हणजे चर्चला गव्हाचे पीठ हवे होते, यीस्ट नको होते. आंबवलेला पाव हा वेदीवरचा नव्हे, तर जेवणाच्या मेजावरचा पदार्थ होता. पण भोवतालच्या समाजाने दोहोंत भेद केला नाही.

पिठाची सोय समुद्रमार्गे होई. अडचण होती ती पीठ फुगवण्याच्या द्रव्याची. युरोपात पाव भाजणारा मद्याच्या पिंपातील फेस किंवा आदल्या दिवशीच्या कणकेचा गोळा वापरी. कोकणाच्या उष्ण व दमट हवेत असा गोळा लवकर कुजकट होतो आणि बिअर तर नव्हतीच. त्याऐवजी येथे माडी मिळाली. माडाची पोय (फुलोऱ्याचा कोंब) बांधून, ठेचून, रोज तिचा शेंडा छाटल्यास त्यातून गोड रस स्रवतो. ताड व शिंदी यांपासूनही असाच रस मिळतो. भंडारी समाजाचा हा परंपरागत व्यवसाय. ताज्या रसास नीरा म्हणतात व त्यात शेकडा सु. १० ते १५ साखर असते. मडक्याला आतून चुना लावला नाही, तर हवेतील, मडक्यातील व झाडावरील सूक्ष्मजीवांमुळे रस झाडावर असतानाच आंबू लागतो, काही तासांत माडी किंवा ताडी तयार होते आणि आणखी एकदोन दिवसांत तिचा सिरका बनतो. गोव्यातील ‘सूर’ ती हीच. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या संवादात्मक ग्रंथात माडाची माहिती देताना तिचे वर्णन केले आहे. मुंबई बेट काही काळ याच ऑर्ताकडे खंडाने होते.

माडीत *सॅकरोमायसीज* वंशाच्या यीस्टबरोबर लॅक्टिक अम्ल तयार करणारे जंतूही असतात. यीस्ट साखरेपासून अल्कोहॉल व कार्बन डाय-ऑक्साइड निर्माण करते आणि पीठ फुगते. जंतू पीठ आंबट करतात. या आंबटपणाचा एक मोठा फायदा त्या काळी कारण न कळताही मिळत होता. उष्ण प्रदेशात पाव दुसऱ्या दिवशी आतून चिकट होऊन त्याला तार सुटते व कुजलेल्या फळासारखा वास येतो. *बॅसिलस* वंशाच्या जंतूंची बीजुके भाजण्याच्या उष्णतेतही जिवंत राहत असल्यामुळे हे घडते. अम्ल पिठात त्यांची वाढ खुंटते. म्हणूनच माडीचा पाव कोकणच्या हवेत टिकाऊ ठरला. यीस्ट हा सजीव असून किण्वन हे त्याचे कार्य आहे, हे लूई पाश्चर (१८२२–९५) याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले; त्यापूर्वी सु. तीनशे वर्षे माडीचा पाव या किनाऱ्यावर भाजला जात होता.

गोव्यात हा पाव ‘पोदेर’ (पोर्तुगीज ‘पादेइरु’वरून) या व्यावसायिकाच्या हाती गेला. साष्टी प्रांतातील ख्रिस्ती कुटुंबांनी तो धंदा वाढविला व पुढे मुंबईलाही नेला. उंडे, पोळी, कांकण, कात्रे पाव असे त्याचे प्रकार झाले. उत्तर कोकणात खेड्यापाड्यांत असा व्यावसायिक वर्ग दाट पसरला नाही. पोर्तुगीजांचे वसईचे राज्य मराठ्यांनी १७३७–३९ च्या मोहिमेत संपविले, तेव्हा पाव विकत घेणारे गिऱ्हाईकच बहुतांशी निघून गेले. करंजा बेट १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी व घारापुरी यांबरोबर ते त्यांच्याकडे कायम झाले. मधल्या काळात भट्टी नसलेल्या घरांतून जे टिकले, ते पावापेक्षा पावाच्या पिठाचे ज्ञान होते.

फुगे व इतर घरगुती प्रकार : उत्तर कोकणातील मराठीभाषक कॅथलिक समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. गोव्याहून मुंबईत नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्त्यांपासून आपले वेगळेपण दाखविणे व कंपनीच्या काळापासूनचे आपले प्रजाजनत्व सरकारच्या नजरेस आणणे, हा त्यामागील हेतू होता. या समाजाचा वैशिष्ट्यपूर्ण आंबवलेला पदार्थ म्हणजे फुगे. मैदा, अंडी, नारळाचे दूध, थोडी साखर व मीठ हे माडीत सैलसर कालवून पीठ दुप्पट होईपर्यंत झाकून ठेवतात. मग मुठीत पीठ घेऊन अंगठा व तर्जनी यांमधून लिंबाएवढा गोळा दाबून काढतात आणि तो कढत तेलात सोडतात. गोळा फुगून स्वतःच उलटतो. लग्नाच्या आदल्या दिवशी होणाऱ्या ‘उंबराचे पाणी’ या विधीच्या सुमारास व नाताळात शेजारणी एकत्र जमून घमेलेभर फुगे तळतात आणि ते सोरपोतेलसारख्या मांसाच्या कालवणाबरोबर खातात. पावाचे नाव पोर्तुगीज राहिले. फुग्यांचे नाव मात्र ‘फुगणे’ या मराठी क्रियापदावरून पडले आहे. पदार्थ कोणाच्या घरात रुजला आणि कोणाच्या दुकानात राहिला, हे या दोन नावांवरून कळते.

तळणे हा भट्टीला दिलेला पर्याय होता. चुलीवर २०० ते २३०° से. इतकी कोरडी उष्णता सर्व बाजूंनी मिळवणे कठीण, परंतु कढत तेलात गोळ्याला ती उष्णता एकदम सर्वांगाने लागते. हीच युक्ती पारशी समाजाच्या ‘भाखरा’ या ताडी घालून केलेल्या तळलेल्या पदार्थात दिसते. उरणशी पारशांचा संबंध आणखी एका कारणाने आला. एकोणिसाव्या शतकात उरण हे मोहाच्या दारूच्या भट्ट्यांचे मोठे केंद्र होते. गुजरातेतून मोहाची फुले गलबतांनी येत, भट्ट्या मुख्यतः पारशी मालकांच्या असत आणि मुंबई व ठाणे या बाजूंना येथून दारू जाई. एकाच गावात मद्याची ही मोठी भट्टी आणि घरगुती माडीचे मडके शेजारी शेजारी नांदत होते. सरकारच्या महसुली दृष्टीला मात्र त्या दोहोंत फारसे अंतर दिसले नाही.

जेथे पाव भाजायचाच असे, तेथे भट्टीचे काम जाड बुडाच्या पातेल्यावर भागवीत. पातेल्याच्या तळाशी वाळू किंवा जाडे मीठ पसरून ते चुलीवर तापवायचे, आत तेल लावलेल्या भांड्यात फुगलेले पीठ ठेवायचे आणि वर ताट झाकून त्यात करवंट्यांचे निखारे घालायचे, ही वर-खाली विस्तवाची रीत कोकणात सर्वत्र माहीत होती. पाठारे प्रभूंचे भानोले व घरोघरीची नानकटाई याच रीतीने भाजत. करवंटीचा निखारा तीव्र व धूररहित असतो. तथापि तो लवकर संपत असल्यामुळे भाजणाऱ्या स्त्रीला तासभर जागचे हलता येत नसे. अशा पावाची खालची साल जाड होई व वरची फिकट राही, हा दोष त्या साधनातच होता.

कृती : एक किग्रॅ. मैद्यास सु. ६०० मिलि. द्रव व १५ ते २० ग्रॅ. मीठ लागते. माडीने आंबवायचे असल्यास या द्रवाचा बराच भाग माडीचाच असतो. माडी सकाळी उतरलेली, फेसाळ व गोडसर हवी. दुपारनंतरची वापरल्यास पाव आंबट होतो आणि दुसऱ्या दिवशीची वापरल्यास फुगतच नाही, कारण तोपर्यंत साखर संपून अम्ल वाढलेले असते. ती फडक्यातून गाळून घेतात. पीठ तळहाताच्या टाचेने ढकलीत, दुमडीत १० ते १५ मिनिटे मळतात. त्याचा लहान गोळा बोटांनी ताणला असता न फाटता पातळ पडदा होऊ लागला, म्हणजे ग्लुटेनचे जाळे तयार झाले असे समजावे. मीठ चवीपुरतेच नसते. ते ग्लुटेन घट्ट करते व यीस्टचा वेग आवरते. मिठाच्या आगरात राहणाऱ्यांना त्याची वाण नव्हती, परंतु आगरातील जाडे मीठ पाण्यात विरघळवूनच घालावे लागे. न विरघळलेला खडा पिठात राहिल्यास त्याच्याभोवतीचे यीस्ट मरते.

यीस्टचे कार्य २५ ते ३५° से. तपमानात उत्तम चालते, सु. ५५° से.च्या पुढे ते मरते. कोकणचे हवामान वर्षातील बहुतेक महिने याच मर्यादेत असल्याने थंड देशांप्रमाणे पीठ उबेला ठेवण्याची गरज पडत नाही. उलट उन्हाळ्यात ते फार लवकर वर येते. बाजारी यीस्टने तास-दीड तासात होणारे काम माडीला सहा-आठ तास लागतात, म्हणून पीठ रात्री मळून पहाटे भाजणे सोईचे पडे. फुगलेले पीठ दाबून त्यातील वायू काढतात, त्याचे गोळे करतात व ते पुन्हा फुगू देतात. भाजताना प्रथम वायू प्रसरण पावून गोळा आणखी वर येतो, नंतर यीस्ट मरते, प्रथिन घट्ट होते, पिष्ट शिजते व शेवटी साल तांबूस होते. या क्रियेत वजनाचा दहावा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक भाग वाफ होऊन जातो. भाजलेला पाव पालथा करून बोटाने वाजवला असता पोकळ आवाज आला, म्हणजे तो आतपर्यंत झाला. गरम पाव लगेच कापल्यास आतील वाफ निघून जाऊन तो चिकट होतो, यासाठी तो निवू द्यावा लागतो. नेमकी हीच अट घरातील मुलांना पाळणे सर्वांत अवघड जाते.

पाव व बाट : उत्तर कोकणात व गोव्यात विहिरीत पाव टाकून गावे बाटविल्याच्या कथा प्रचलित आहेत. एखाद्या गावाने नकळत ते पाणी प्यावे, मग ते कळून यावे आणि शेजारच्या गावांनी त्याच्याशी रोटीबेटी तोडावी, असे त्या कथांचे स्वरूप असते. कोणत्या गावी हे केव्हा घडले यापेक्षा या कथांतील गृहीत अधिक बोलके आहे : धर्म बदलण्यास संमती लागत नाही, पाव पुरे होतो, असे सांगणारा व ऐकणारा दोघेही मानीत. भाजलेल्या पिठाच्या तुकड्याला हे सामर्थ्य येण्यास कारणे होती. पाण्यात मळलेले अन्न स्पर्शास्पर्शाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक समजले जाई. ते परजातीच्या व परधर्माच्या हातचे असे. आणि त्यात ताडी, म्हणजे मद्य, घातलेले असे. तिन्ही निषेध एका पदार्थात एकवटले होते. बाटलेल्यांना परत घेण्यास समाज राजी नसे, त्यामुळे बाटवणाऱ्याचे निम्मे काम बहिष्कार घालणाऱ्यांनी पुरे केले, असेच म्हणावे लागते.

या समजुतीलाच आव्हान देण्याचे साधन म्हणूनही पाव वापरला गेला. मुंबईत १८४९ मध्ये स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश घेणाऱ्यास ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खावा लागे व मुसलमानाने आणलेले पाणी प्यावे लागे. दादोबा पांडुरंग प्रभृती सुधारकांची ही सभा गुप्त होती. १८६० मध्ये सभासदांची यादी चोरीस गेल्यावर नावे उघड होण्याच्या भीतीने ती मोडली. पावाचा घास घेण्याचे धैर्य होते, तो घेतल्याचे सांगण्याचे नव्हते. तीस वर्षांनी, ऑक्टोबर १८९० मध्ये, पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतल्यावरून म. गो. रानडे, लोकमान्य टिळक आदींवर ग्रामण्याचा प्रसंग ओढवला आणि प्रायश्चित्तांचा वाद दीर्घकाळ चालला. सनातनी घरांतही पावाचा प्रवेश झाला तो सुधारकांमुळे नव्हे, तर आजाऱ्याचे पथ्य म्हणून. डॉक्टरांनी सांगितलेला दूध-पाव हा औषधात मोडे व औषधाला बाट नसते.

माडीवरील निर्बंध : घरगुती आंबवणाला खरा धक्का धर्मशास्त्राने नव्हे, अबकारी कायद्याने दिला. मुंबई इलाख्याच्या १८७८ च्या अबकारी कायद्यान्वये ताडीच्या झाडांवर कर व रस काढण्यासाठी परवाना आला. परसातील माडाचा रस काढणे ही घरची बाब न राहता सरकारी बाब झाली. ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांसाठी १८९२ मध्ये मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा वेगळा कायदाही झाला. उरणचा प्रदेश १८८३ मध्ये पनवेलबरोबर ठाणे जिल्ह्यातून कुलाबा जिल्ह्यात आला होता (कुलाब्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले). पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा येऊन १९५० पासून राज्यात संपूर्ण दारूबंदी अंमलात आली. नीरेस मुभा राहिली. पण पाव फुगवण्यास नीरा नव्हे, तर आंबलेला रसच हवा असतो. १९६० नंतरच्या दशकात निर्बंध सैल झाले, तोपर्यंत मधल्या पिढीच्या हातची सवय मोडली होती. भंडाऱ्यांचीही पुढील पिढी अन्य व्यवसायांकडे वळली. कायदा मद्यपानाविरुद्ध होता, पिठाविरुद्ध नव्हता; पण मडक्यातील रस कोणत्या कामासाठी आहे, हे ओळखण्याची तरतूद अशा कायद्यांत सहसा नसते.

याच काळात दुसऱ्या बाजूने गहू घरात येऊ लागला. मुंबईत १९४३ मध्ये धान्याचे नियंत्रित वाटप सुरू झाले आणि १९५६ नंतर अमेरिकेतील गव्हाची मोठी आयात झाली. भात खाणाऱ्या घरांना शिधापत्रिकेवर गहू मिळू लागला. त्याची चपाती झाली, पाव झाला नाही. कारण पीठ आले, तेव्हा माडी गेलेली होती. पावाची गरज बेकरीने भागविली. गोवेकर व इराणी बेकऱ्यांचा लादी पाव, ब्रून व कडक पाव गिरणगावातून सर्वदूर पसरला. उरणचे मुंबईशी दळणवळण दीर्घकाळ मोरा बंदरातून बोटीने चाले. १९६५ मध्ये केंद्र सरकारने मॉडर्न बेकरीज ही कंपनी स्थापून यंत्राने कापलेला, वेष्टनातील पाव बाजारात आणला. ती कंपनी २००० मध्ये खाजगी उद्योगाकडे गेली. दादर स्थानकाबाहेर १९६६ च्या सुमारास सुरू झालेल्या वडापावाचे श्रेय सामान्यतः अशोक वैद्य यांना दिले जाते. त्या पदार्थाने पाव सर्व जातिधर्मांच्या हातांत इतक्या सहजपणे दिला, की शंभर वर्षांपूर्वी त्यासाठी गुप्त सभा लागत होती यावर विश्वास बसणे कठीण जाते.

व्यापारी यीस्ट : दाबून वडी केलेले यीस्ट मध्य युरोपात एकोणिसाव्या शतकात तयार होऊ लागले, अमेरिकेत फ्लाइशमान बंधूंनी १८६८ मध्ये त्याचे उत्पादन सुरू केले. ही वडी थंड जागीच टिकते. त्यामुळे बर्फ व शीतपेटी यांच्या अभावी कोकणातील घरांना तिचा उपयोग नव्हता. भारतातील इंग्रज कुटुंबे बटाटे व हॉप यांपासून घरी यीस्ट करीत किंवा बेकिंग पावडर वापरीत. मद्रासमधील कर्नल केनी-हर्बर्ट याने १८७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाकशास्त्राच्या पुस्तकात घरीच पाव भाजण्याचा आग्रह धरला आहे. त्यामागे बाजारी पावाविषयीचा अविश्वास होता. बाट मानणारा हिंदू गृहस्थ आणि स्वच्छतेची धास्ती घेतलेला इंग्रज अधिकारी, दोघेही एकाच पाववाल्याकडे संशयाने पाहत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुके यीस्ट विकसित झाले व १९७० नंतरच्या दशकात पिठात कोरडेच मिसळता येणारे बारीक दाण्यांचे यीस्ट निघाले. एक किग्रॅ. पिठास त्याचे सु. १० ग्रॅ. पुरतात. मध्यमवर्गीय मराठी घरांत याच सुमारास विजेवर चालणारी गोल ॲल्युमिनियमची भट्टी आली होती. पण तिच्यात पावापेक्षा केकच अधिक भाजले गेले.

उरण परिसराचे स्वरूप १९७० नंतर बदलत गेले. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांची जमीन संपादन करण्याचे ठरले, न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले व अनेक मिठागरे, खाजणे आणि भातखाचरे भरावाखाली गेली. जानेवारी २०२४ मध्ये उपनगरी रेल्वे उरणपर्यंत पोहोचली व त्याच दिवशी शिवडी–न्हावा-शेवा सागरी सेतू खुला झाला.

घरी पाव भाजण्याची आवड शहरी वर्गात अलीकडे पुन्हा दिसते. २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे टाळेबंदी झाली, तेव्हा जगभर घरोघरी पाव भाजले जाऊ लागून अनेक देशांत यीस्टचा तुटवडा पडला. पीठ व पाणी दिवसेंदिवस आंबवून केलेले नैसर्गिक खमीर युरोपीय नावाने येथेही लोकप्रिय झाले. त्यात यीस्ट व लॅक्टिक जंतू यांचे तेच साहचर्य असते, जे माडीत होते. बेकरीच्या पावातील पोटॅशियम ब्रोमेट या द्रव्यास भारतात २०१६ मध्ये बंदी घालण्यात आली, त्यानेही घरगुती पावाकडे काहींचे लक्ष वळले. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील लाकूड व कोळशावरील बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. ईस्ट इंडियन घरांत नाताळातील फुगे चालू आहेत. ते आता बहुधा सुक्या यीस्टने होतात. तास-दीड तासात पीठ वर येते, पण आंबटपणा हवा असल्यास ते रात्रभर ठेवावे लागते.